प्रत्येक काळा डाग मिसरीचा नसतो

निपाणीत कुणाला तोंडाचा कॅन्सर झाल्याचे कळले की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘तंबाखू खात होता काय?’ हा प्रश्न या गावात उगाच आलेला नाही. निपाणीची पेठ तंबाखूच्या वखारींवर उभी राहिली. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात बारा जणांचा जीव गेला. इथल्या कितीतरी बायांची हयात वखारीत तंबाखू चाळण्यात आणि उंबऱ्यात बसून विड्या वळण्यात गेली. तंबाखू इथे व्यसन आहे, तशी ती भाकरीही आहे. तोंडाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण तिनेच दिलेले आहेत, आणि तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या आणि कार्यकर्त्याच्या बाजूने मी उभा आहे.

पण एक कारण इतके ओळखीचे झाले, की त्याच्या आड दुसरे काही दिसेनासे होते. तोंडातला प्रत्येक चट्टा, कानाखालची प्रत्येक गाठ तंबाखूच्याच खात्यावर टाकली जाते. रुग्ण तसे करतो, घरचे तसे करतात, आणि गर्दीच्या ओपीडीत घाईत असलेला डॉक्टरही कधी कधी तसेच करतो. या सवयीची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांत एका आजाराचे रुग्ण आहेत, ज्यांच्याबद्दल मराठीत फारसे कुणी लिहीत नाही: तोंडाच्या आतल्या अस्तरात आणि लाळग्रंथींत आढळणारा मेलॅनोमा.

मेलॅनोमा हा रंगपेशींचा कॅन्सर. आपल्या कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग देणाऱ्या या पेशी मुळात कातडीच्या नसतात. गर्भ काही आठवड्यांचा असताना मज्जारज्जू जिथे घडत असतो, त्याच्या कडेला त्या जन्मतात आणि तिथून साऱ्या अंगभर प्रवास करतात. बहुतेक कातडीत जाऊन बसतात. काही डोळ्यांच्या आत, नाकाच्या पोकळीत, टाळूवर, हिरड्यांत, गुदद्वाराच्या आणि योनीच्या अस्तरात मुक्काम करतात. थोड्या लाळग्रंथींच्या नलिकांमध्येही आढळल्या आहेत. जिथे रंगपेशी आहे तिथे तिचा कॅन्सर होऊ शकतो, इतके ते सरळ आहे. ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात मेलॅनोमा म्हणजे उन्हाने भाजलेल्या गोऱ्या कातडीचा आजार. आपल्या सावळ्या कातडीला तिचा रंगच राखतो, त्यामुळे आपल्याकडे तो फार कमी. पण जो होतो तो बहुधा ऊन न पोचणाऱ्या जागी होतो: तळपायावर, नखाखाली, तोंडात, नाकात, गुदद्वाराशी. म्हणजे आपल्या वाट्याला हा आजार थोडा आला, पण आला तो लपून राहणारा.

तो लपतो म्हणून त्याचे मोजमापही वेगळे आहे. कॅन्सरची गाठ किती वाढली हे सांगायला डॉक्टर ‘टी’च्या पायऱ्या वापरतात, टी-१ पासून टी-४ पर्यंत. डोक्या-मानेच्या अस्तरातल्या मेलॅनोमाला टी-१ आणि टी-२ या पायऱ्याच नाहीत. त्याची मोजणी टी-३ पासून सुरू होते, कारण वरवर लहान दिसणारा डागही इथे पुढच्या टप्प्यातल्या आजारासारखाच वागतो. हाताशी असलेला वेळ मुळातच थोडा, आणि तो आपण ‘तंबाखूने झालं असंल’ म्हणण्यात घालवतो.

मिसरीचेच पाहा. निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात म्हाताऱ्या बाया अजून सकाळी तव्यावर तंबाखू जाळून तिची काळी पूड करतात, किंवा दुकानातून पुडी आणतात. तर्जनीवर चिमूट घेऊन ती वरच्या हिरडीवर, खालच्या हिरडीवर, दातांच्या मागे टाळूपर्यंत चोळायची, पाच-दहा मिनिटे तशीच ठेवायची, मग चूळ भरायची. काहींचे हे दिवसातून चार-पाचदा चालते. या बाईचे तोंड उघडले तर दातांच्या फटी काळ्या, हिरडीची कडा काळपट, बोटाचे टोकही काळे. शिवाय तंबाखूच्या सततच्या माऱ्याने हिरड्यांवर तपकिरी झाक येते, ती निरुपद्रवी असते. आणि सावळ्या माणसाच्या हिरडीला जन्मतःच थोडा काळसरपणा असतोच. तोंडातला मेलॅनोमा सर्वांत जास्त कुठे होतो? टाळूवर आणि वरच्या हिरडीवर. दुखत नाही. सुरुवातीला नुसता सपाट डाग, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही, कुठे गर्द तर कुठे फिकट. काही वेळा तर रंग अजिबात नसतो, नुसती लालसर सूज असते. जिथे बोट रोज काळे फासते, नेमक्या त्याच जागी हा काळा डाग येतो. आणि कवळी बसवलेली असेल तर तो तिच्याखाली झाकूनच जातो.

तंबाखूचा आणि या मेलॅनोमाचा कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही. तरीही तो झालेली बाई दवाखान्यात येते ती अपराध्यासारखी, पदराने तोंड झाकून. मिसरी लावणारी असेल तर ‘सांगत होतो, ऐकलं नाहीस’ हे मुलाकडून ऐकून आलेली असते. न लावणारी असेल तर तिच्यावर विश्वास बसत नाही. ‘चोरून खात असणार’ असे शेजारी म्हणतात. कॅन्सर झालेल्या माणसाला दोषी धरणे मुळातच क्रूर आहे. ज्याचा दोष नाही त्यालाही धरले जाते तेव्हा तो माणूस पुढच्या तपासणीला यायचेच टाळतो, हे मी या भागात पाहिले आहे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की आधी पाहा, मग विचारा. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरची जागृती म्हणजे पांढरा चट्टा, लाल चट्टा आणि न भरणारी जखम यांचे चित्र. काळा डाग त्या चित्रात सहसा नसतो. तो घालायला पैसे लागत नाहीत. शिबिरात बसलेल्या माणसाला चूळ भरायला लावायची, ओल्या कापसाने हिरडी पुसायची, कवळी काढायला सांगायची, मान मागे टाकून टाळूवर बॅटरीचा झोत मारायचा. मिसरीचा डाग पुसला जातो, किंवा निदान दातावर राहतो. हिरडीच्या आतला पुसला जात नाही. पुसून न जाणारा, एकाच बाजूला असलेला, वाढणारा काळा डाग दिसला की तुकडा तपासायला पाठवायचा. जुन्या चांदीच्या भरणीतला धातू हिरडीत मुरून असाच निळसर-करडा ठिपका उमटवतो, पण तो धातूचाच आहे हेही बऱ्याचदा तुकडा पाहूनच खात्रीने सांगता येते.

या तुकड्याचीच लोकांना सर्वांत जास्त भीती. ‘सुई लावली की गाठ पसरती’ हे वाक्य मी सीमाभागातल्या शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकले आहे. गाठ पसरते ती तिच्या स्वभावाने. सुई लावेपर्यंत गेलेल्या महिन्यांत ती अधिक पसरलेली असते, आणि लोक दोन्हींची सांगड उलटी घालतात.

लाळग्रंथीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. कानाच्या पुढे आणि खाली असलेली पॅरोटिड ही आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी. तिथे सूज आली की आपण गालगुंड म्हणतो, लेप लावतो, आठवडाभर थांबतो. पोर असेल तर ते बहुधा बरोबरही असते. पन्नाशीच्या माणसाला एकाच बाजूला आलेली, न दुखणारी, महिन्याभरात न ओसरलेली गाठ गालगुंड नव्हे. तिच्यात सुई घालून पेशी पाहिल्या आणि मेलॅनोमा निघाला, तर खरा शोध तिथून सुरू होतो. कारण पॅरोटिडमधला मेलॅनोमा बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. गर्भात ही ग्रंथी तयार व्हायला लवकर लागते, पण तिच्याभोवतीचे आवरण उशिरा पुरे होते. त्या दरम्यान काही लसिकाग्रंथी तिच्या पोटात अडकून राहतात. कपाळ, कानशील, पापण्या, कान आणि डोक्याच्या पुढच्या भागातला निचरा याच गाठींकडे येतो. तिथल्या कातडीवरचा मेलॅनोमा पसरला की पहिला थांबा बहुधा हाच. ग्रंथीतच जन्मलेला मेलॅनोमा इतका विरळा, की बाकी सारे शरीर धुंडाळून कुठेच काही सापडले नाही तरच तसे म्हणायचे धाडस डॉक्टर करतात.

हे धुंडाळणे इथल्या माणसांवर कसे करायचे, हे कुठल्याही परदेशी पुस्तकात नाही. डोके तपासायचे तर तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा सोडावा लागतो, केसांचा एकेक भांग पाडून पाहावे लागते. ओपीडीत इतका वेळ कुणाकडे नसतो. गावात तो वेळ न्हाव्याकडे असतो. पुरुषांच्या डोक्यावरचा नवा काळा डाग त्याच्याइतका जवळून दुसरे कुणी पाहत नाही, आणि आरोग्य खात्याने त्याला यात कधी सामील करून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मग इतिहास. ‘पूर्वी कुठला मस, तीळ काढला होता काय?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते, कारण डॉक्टरकडे काढलेला नसतो. चुना आणि धुण्याचा सोडा लावून घरीच जाळलेला असतो, किंवा जत्रेत बसणाऱ्या कुणाकडून, नाहीतर पार्लरमध्ये. जाळलेला मस तपासायला गेलेला नसतो. तो साधा मस होता की मेलॅनोमा, हे मग कधीच कळत नाही. काही मेलॅनोमा तर शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपोआप विरून जातात आणि त्यांची पिल्ले तेवढी मागे राहतात. म्हणून प्रश्नच बदलायला हवा: ‘चेहऱ्यावरचं, डोक्यावरचं काही जाळलं, खुडलं, पडून गेलं काय?’

आणि गोंदण. या पट्ट्यातल्या सत्तरीच्या बाईच्या कपाळावर तुळस, हनुवटीवर ठिपके, हातावर नाव गोंदलेले असते. गोंदणातला काळा रंग कातडीत राहतो, तसा थोडा वाहून जवळच्या लसिकाग्रंथीतही साठतो. शस्त्रक्रियेत अशी काळी गाठ हाती लागली तर सर्जनच्या मनात पहिला शब्द मेलॅनोमा येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता साठलेला रंग निघतो. एकीकडे खरा डाग मिसरीखाली झाकला जातो, दुसरीकडे गोंदणाचा निरुपद्रवी रंग घाबरवतो. हे दोन्ही धोके आपल्या माणसांच्या अंगावरचे आहेत, आणि ते ओळखायला इथेच शिकलेला, इथल्या बायांना ‘मावशी, पदर जरा बाजूला घ्या’ म्हणू शकणारा डॉक्टर लागतो.

निदानाचा शेवट होतो तो पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर. काढलेला तुकडा मेणात बसवतात. बोटाच्या पेराएवढा तो मेणाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याच्या केसाहून पातळ चकत्या काचेवर घेऊन रंगवतात. मेलॅनोमाच्या पेशीत तपकिरी दाणे दिसले तर काम सोपे. नाही दिसले तर हा कॅन्सर दुसऱ्या कुठल्याही कॅन्सरची सोंगे घेतो, आणि मग एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए, सॉक्स-१० अशा खास रंजकांनी त्याची ओळख पटवावी लागते. लहान गावच्या लॅबमध्ये ही सोय नसते. तेव्हा तो ब्लॉक रुग्णाच्या मुलाच्या पिशवीतून फिरतो: निपाणीहून कोल्हापूरला, नाहीतर बेळगावला, मिरजेला, शेवटी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला. पिशवीत त्याच्याबरोबर आधार कार्ड, रेशन कार्ड आणि इंग्रजीतला कागद असतो जो घरात कुणालाच वाचता येत नाही. तो मेणाचा ठोकळा रुग्णाचा आहे, तो मागण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तो उन्हात तापलेल्या गाडीत विसरायचा नसतो, एवढे तरी त्या मुलाला त्याच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवे.

इथे एक सरळ आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कॅन्सर होतात, त्यांत ओठ-तोंडाचे १ लाख ४० हजारांहून जास्त. ज्या तालुक्यात तंबाखूच्या कॅन्सरलाच पुरेसे डॉक्टर नाहीत तिथे वर्षानुवर्षांत एखादा दिसणाऱ्या आजाराची चिंता कशाला? याला माझी दोन उत्तरे आहेत. एक, विरळा कॅन्सर एकेकटा विरळा असतो. सगळे मिळून नसतात. युरोपात वर्षाला लाखात सहांहून कमी जणांना होणाऱ्या कॅन्सरला विरळा धरतात, आणि असे सारे एकत्र केले तर एकूण कॅन्सरचा जवळजवळ चौथा हिस्सा होतो. चौथ्या हिश्शाच्या माणसांना ‘तुमचा आजार आमच्या योजनेत बसत नाही’ असे सांगणारी व्यवस्था न्याय्य नाही. दोन, मी मागतो आहे ते वेगळे रुग्णालय नाही. तोंड उघडून पाहणे, संशय आला की तुकडा घेणे, तो चांगल्या लॅबला पोचवणे: हे तिन्ही तंबाखूच्या कॅन्सरलाही लागते, आणि तेही आपण करत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी तोंडाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास निघाले. मेलॅनोमाच्या रुग्णाने काही दुसऱ्याच्या वाट्याचे खाल्लेले नाही. पाहण्याचे कामच सुरू झालेले नाही, आणि त्याचा तोटा दोघांना आहे. काहींना भीती वाटते की ‘हा कॅन्सर तंबाखूने होतो हे सिद्ध झालेले नाही’ असे सांगितले तर तंबाखू खाणाऱ्याला आयतीच सबब मिळेल. मला ती भीती लोकांना कमी लेखणारी वाटते. तंबाखूविरुद्धचा पुरावा इतका भक्कम आहे की त्याला अर्धसत्याचा टेकू लागत नाही.

आता सीमेचा प्रश्न. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर सुरू झालेला महाराष्ट्र-कर्नाटक वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी माणूस म्हणून माझे त्याबद्दल ठाम मत आहे, पण या लेखाचा तो विषय नाही. विषय असा, की कर्नाटकातल्या निपाणीच्या माणसाला कोल्हापूर बेळगावहून जवळ आहे, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला बेळगाव कोल्हापूरहून. रुग्ण त्याप्रमाणे जातात, योजना मात्र जात नाहीत. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. कर्नाटकाची स्वतःची योजना आहेच. दोन योजना असूनही ओपीडीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला ‘हे कार्ड इथं चालत नाही’ हे ऐकावे लागते, आणि मेलॅनोमात गेलेला महिना परत मिळत नाही.

पैशाइतकाच गंभीर प्रश्न मोजणीचा. एका राज्यात राहणारा रुग्ण दुसऱ्या राज्यात निदान करून घेतो आणि तिसऱ्या गावात मरतो, तेव्हा त्याची नोंद निसटायला तीन जागा असतात. नेहमीच्या कॅन्सरमध्ये अशा दहा नोंदी निसटल्या तरी चित्र बदलत नाही. विरळ्या कॅन्सरमध्ये दहा म्हणजेच सगळे चित्र. नेमकी मोजणी अशक्य आहे असे कुणी म्हणू नये, कारण आपल्याच भागाने ती करून दाखवली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात कोण येते याची वाट न पाहता तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना भेटले, संशयित रुग्ण शोधून त्यांना तपासणीपर्यंत आणले. बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्याला अशीच, पण दोन राज्यांनी मिळून चालवायची नोंदणी हवी. बेळगावात केएलई संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिच्या कॅन्सर रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या काळापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले, त्यात देशभरची रुग्णालये अवघड केसवर दूरवरून एकत्र चर्चा करतात. माणसे आणि इमारती आहेत. एका रुग्णाची हकीकत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी वाट तेवढी नाही.

ही वाट का तातडीची, ते उपचारांकडे पाहिले की कळते. शस्त्रक्रिया हाच अजून मुख्य आधार. पॅरोटिडमध्ये ती जिकिरीची, कारण चेहऱ्याची हालचाल सांभाळणारी नस ग्रंथीच्या मधूनच फाटे फोडत जाते. गेल्या पंधरा वर्षांत प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे आली, त्यांच्या मूळ शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चे नोबेल मिळाले, आणि या औषधांनी सर्वांत आधी यश दाखवले ते मेलॅनोमातच. पण ते कातडीच्या मेलॅनोमात. तोंडा-नाकातल्या मेलॅनोमावर ती कमी चालतात, आणि त्याची जनुकीय घडणही वेगळी: कातडीच्या मेलॅनोमात वारंवार दिसणारा बीआरएएफ जनुकातला बदल इथे कमी, केआयटी जनुकातला जास्त. जगाचे बहुतेक प्रयोग गोऱ्या कातडीवर झाले. त्यांची उत्तरे आपल्या टाळूवरच्या डागाला जशीच्या तशी लागू होत नाहीत.

या औषधांची किंमत तर मध्यमवर्गीय घरही झोपवणारी. इथेही एक रस्ता मराठी मुलखातूनच निघाला आहे. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो प्रयोग प्रामुख्याने तंबाखूच्या कॅन्सरवरचा होता. मेलॅनोमाच्या रुग्णाला तो निष्कर्ष परस्पर लावता येणार नाही. त्याच्यासाठी तसाच प्रयोग करावा लागेल, आणि त्याला पुरेसे रुग्ण एका रुग्णालयात कधीच जमणार नाहीत. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, गोव्यातले बांबोळी आणि मुंबई यांनी आपापल्या कपाटातले ब्लॉक आणि आपापल्या फायली एकत्र केल्या तर जमतील. प्रत्येक रुग्णामागे जागा, वय, मिसरी-तंबाखू होती की नव्हती, पूर्वी काही जाळले होते का, निदानाला किती महिने लागले, कुठले औषध दिले आणि पुढे काय झाले, एवढे लिहिले तरी पुरे. हे काम सुरू करायला दोन वैद्यकीय महाविद्यालयांचे दोन विभागप्रमुख आणि त्यांच्या नैतिकता समित्यांची परवानगी लागते. मंत्रालयाचा किंवा विधानसौधाचा होकार येईपर्यंत थांबायचे कारण नाही.